उत्तर आहे, हे आधीच ठाऊक असेल तर?

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. पुढच्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अनेक शाळांत कपाटात पडून राहिलेले बुद्धिबळाचे पट पुन्हा बाहेर निघाले आहेत. कुठे एक उंट हरवलेला, तर कुठे हत्तीच्या जागी खडूचा तुकडा. पट बाहेर आले, पण शिकवण्याचे काम मात्र पटाशेजारी बसलेल्या माणसाकडे राहिलेले नाही. ते मोबाइलकडे गेले आहे. शाळांच्या निमित्ताने या भागात आमचे जाणे-येणे असते, आणि शिक्षक आम्हाला हमखास विचारतात : मुले मोबाइलवर बुद्धिबळ शिकतात, ते शिकू द्यावे का? शाळेने पैसे भरून एखादा ऑनलाइन वर्ग लावावा का?

‘मोबाइल वाईट’ किंवा ‘तंत्रज्ञान चांगले’ अशा ठोक उत्तराचा इथे काही उपयोग नाही. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना आपण जे पाहतो तेच इथेही पाहिले पाहिजे : धड्यांची निवड कशी केली आहे, स्वाध्याय कोणते दिले आहेत, आणि मुलाला नेमका कोणता विचार करायला लावला आहे.

आधी हे धडे या भागात इतके का रुजले ते पाहू. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून नारायणगाव, ओतूर, मंचर या बाजूच्या मळ्यांत राहणारी मुले दिवस मावळला की घरात असतात. घरे एकमेकांपासून दूर. शेजारच्या वस्तीवर खेळायला जायचे म्हटले तर आई नको म्हणते, आणि तिचे बरोबरच आहे. अशा मुलाला रात्री आठ वाजता जगातला कुठलाही भिडू मिळवून देणारी सोय तुच्छ मानता येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी बुद्धिबळ शिकवणारा माणूस मिळणे कठीण, खेड्यात तर त्याहून कठीण. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना खेळ येतो, पण पुष्कळदा जुन्या देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नाही आणि राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. नातू आणि आजोबा यांचा पहिला डाव त्यामुळे भांडणात संपतो. (हे भांडण मोलाचे आहे, नियम माणसेच ठरवतात आणि बदलतात, हे त्यातून कळते.) डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरकडच्या आदिवासी पट्ट्यात परिस्थिती आणखी वेगळी आहे. तिथे अनेक ठिकाणी मोबाइलला धड रेंजच नसते. तेव्हा ऑनलाइन धडा सगळ्या मुलांना सारखाच मिळतो, हे गृहीतच चुकीचे आहे.

या धड्यांचे मुख्य प्रकार तीन : चित्रफिती, कोडी, आणि संपलेल्या डावाचे संगणकाने केलेले विश्लेषण.

चित्रफितींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चांगल्या आहेत, पण थोड्या. सर्वांत जास्त पाहिल्या जातात त्या सापळ्यांच्या. वजीर आणि उंट मिळून चौथ्या चालीला मात देणारा डाव तर प्रत्येक मुलाला पाठ असतो : राजासमोरचे प्यादे दोन घरे, मग उंट, मग वजीर पार एच५ वर, आणि समोरच्याने बेसावधपणे राजाकडचा घोडा काढला की वजिराने एफ७ चे प्यादे मारून मात. समोरच्याने घोड्याऐवजी जी७ चे प्यादे एक घर पुढे सरकवून वजिरालाच धमकावले तर काय, हे चित्रफितीत नसते किंवा घाईत उरकलेले असते. मग वजिराला मागे फिरावे लागते, आणि तो फिरत असताना समोरचा आपला घोडा निवांत बाहेर काढतो.

सापळ्याचे नुकसान एक डाव हरण्यापुरते नसते. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कसलेल्या खेळाडूंपुढे अशी स्थिती मांडली, की तिच्यात मात देण्याचा एक परिचित मार्ग होता आणि दुसरा, कमी चालींचा पण अनोळखी मार्गही होता. खेळाडूंना परिचित मार्ग लगेच दिसला. मग ‘याहून चांगले काही आहे का, शोधतो आहोत’ असे ते म्हणत राहिले. पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या गेल्या होत्या, आणि नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मार्गाच्याच घरांवर जात होती. शोध चालू आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. कसलेल्या खेळाडूंची ही गत, तर चार सापळे पाठ केलेल्या सहावीतल्या मुलाची काय होत असेल?

कोडी हा या धड्यांचा गाभा आहे आणि त्यांची योग्यता मोठी आहे, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहू. पडद्यावर एक स्थिती येते. ‘पांढऱ्याची खेळी. सर्वोत्तम चाल शोधा.’ मूल बोटाने मोहरा सरकवते. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल. लगेच पुढचे कोडे. लिचेस या संकेतस्थळावर अशी लाखो कोडी फुकट आहेत, जाहिरातीही नाहीत. फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी या प्रोग्रामरने २०१० मध्ये ते सुरू केले आणि त्याची आज्ञावली सर्वांना खुली ठेवली. चेस.कॉम या व्यापारी संकेतस्थळावरही कोड्यांचा मोठा साठा आहे. मात्र तिथे पैसे न भरणाऱ्याला मर्यादा पडतात.

कोड्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद पाहून मास्टर दर्जाच्या खेळाडूला सुमारे १६ मोहरे जागच्या जागी मांडता येतात, तर नवशिक्याला जेमतेम ४. मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अचाट नसते. त्याच्याजवळ परिचित आकृतिबंधांचा साठा असतो. आपण ‘आंबेगाव’ हा शब्द वाचताना अक्षरे सुटी लावत बसत नाही, तसेच हे. कोड्यांतून हा साठा वाढतो, आणि जिथे शिक्षक नाही तिथेही वाढतो. एवढ्याचसाठी आम्ही कोड्यांच्या बाजूने मत देऊ.

आता दुसरी बाजू. ही कोडी तयार कशी होतात? संगणक खऱ्या खेळाडूंचे असंख्य डाव चाळतो आणि जिथे एक चाल इतर सर्व चालींपेक्षा उघडपणे सरस आहे, अशा स्थिती वेचून काढतो. उत्तर एकच असावे म्हणून हे करावेच लागते. पण याचा अर्थ असा, की ज्या स्थितीत अशी चमकदार चाल नाही, तीन-चार चाली सारख्याच बऱ्या आहेत, किंवा काहीच विशेष घडत नाही, ती स्थिती चाळणीतून गळून जाते. प्रत्यक्ष चाळीस चालींच्या डावात अशाच स्थिती बहुसंख्य असतात. मूल हजार कोडी सोडवते, आणि त्या हजारांतल्या प्रत्येक वेळी ‘इथे काहीतरी आहे’ ही बातमी त्याला आधीच मिळालेली असते. प्रत्यक्ष डावात ही बातमी कुणी देत नाही.

विज्ञान शिकवणाऱ्यांना या दोषाचे नाव ठाऊक आहे. नमुना निवडतानाच पक्षपात झाला आहे. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त मुलांना घेऊन खोडदला जाणारे शिक्षक आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून असतात. त्यांनी टिपलेल्या नोंदींत बहुतांश नुसती खरखर असते, आणि तिच्यात आपणच निर्माण केलेले विजेच्या तारांचे, मोबाइलचे, उपग्रहांचे अडथळे मिसळलेले असतात. ‘या नोंदीत एक स्पंदक आहे, तो शोध’ असे सांगून विद्यार्थ्याला नोंद दिली, तर काम बरेच सोपे होते. संशोधकाचा खरा वेळ जातो तो ‘इथे काही आहे का?’ ठरवण्यात, आणि काही दिसलेच तर ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न करण्यात. पाठ्यपुस्तकातल्या गणितांतही हाच दोष असतो, हेही कबूल केले पाहिजे. चौथ्या प्रकरणाखालचे उदाहरण चौथ्या प्रकरणातल्या सूत्रानेच सुटते. मोबाइलने हा दोष निर्माण केलेला नाही; त्याने तो वेगवान आणि गोड केला आहे.

खोटे ठरवण्याचा जो मुद्दा आला, तो बुद्धिबळातही थेट तपासला गेला आहे. डब्लिनच्या मिशेल काउली आणि रूथ बर्न यांनी २००४ मध्ये खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावला. वरच्या दर्जाचे खेळाडू आपल्याला सुचलेल्या चालीवर समोरच्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर कोणते, ते शोधत आणि पुष्कळदा आपलीच चाल रद्द करत. नवशिके मात्र समोरचा आपल्या सोयीची चाल खेळेल असे धरून चालत. आमच्या मते मुलाने बुद्धिबळातून शिकावी अशी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती ही. आणि पडद्यावरचे कोडे नेमकी हीच गोष्ट मुलाच्या हातून काढून घेते : समोरच्याचे उत्तर संगणक स्वतःच खेळून दाखवतो, आणि पहिली चाल अंदाजाने बरोबर आली की हिरवी खूण मिळूनही जाते. कारण कुणी विचारत नाही. कोड्यांत पटाईत असलेली, पण समोर माणूस बसला की दहाव्या चालीलाच घोडा फुकट देणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मुले हुशार आहेत. त्यांचा सराव एकाच बाजूचा झाला आहे.

इथे गुणांकनाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ‘माझे अठराशे झाले’ असे मूल सांगते तेव्हा शिक्षक आणि पालक दोघेही गोंधळतात. आज रूढ असलेली पद्धत अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकीच्या प्राध्यापकाने घडवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. तीत आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो. अर्थ असतो फरकाला. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, एवढेच ती सांगते; आणि तेही दोघे एकाच समूहात खेळत असतील तरच. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवातच १५०० पासून होते. महासंघाच्या यादीत २०२४ पासून १४०० च्या खाली गुणांकनच दिले जात नाही. कोड्यांचे गुणांकन तर माणसाशी नव्हे, कोड्यांशी झालेल्या सामन्यांवरून ठरते. तीन वेगळ्या मोजपट्ट्या, तिन्हींचे शून्य वेगळे. सातवी-आठवीच्या वर्गात तापमापकाच्या दोन मापनश्रेणी शिकवताना हे उदाहरण वापरून पाहावे.

तिसरा प्रकार म्हणजे डाव संपल्यावरचे विश्लेषण. पटाच्या कडेला एक पट्टी असते. ती वर-खाली होऊन कोण किती पुढे आहे हे दाखवते. प्रत्येक चालीवर शेरा : उत्तम, चूक, घोडचूक. शेरा देणारा संगणक जगज्जेत्यापेक्षाही कितीतरी बलवान असतो, त्यामुळे शेरा सहसा बरोबरच असतो. आक्षेप त्यावर नाही. तपासलेल्या वहीत नुसते ‘चूक’ लिहून लाल रेघ मारणाऱ्या शिक्षकाला आपण चांगला शिक्षक म्हणत नाही, मग तो कितीही विद्वान असो.

गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी या शेऱ्यापासून त्याला दीर्घकाळ दूर ठेवले होते, हे त्या दोघांनीही जाहीरपणे सांगितले आहे. २५०० गुणांकनाच्या आसपास पोहोचेपर्यंत गुकेश संगणकाच्या मदतीशिवाय, स्वतः चाली मोजत शिकला. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे खरे. गुकेशला प्रशिक्षक होता, वेळ होता, स्पर्धा होत्या. तरीही, सर्व साधने हाताशी असताना एक साधन मुद्दाम बाजूला ठेवले गेले, याची नोंद शाळांनी घ्यायला हरकत नाही. त्याच संकेतस्थळांवर ‘आपल्या चुका स्वतः सुधारा’ अशा धर्तीची सोयही असते : संगणक चूक झालेली जागा दाखवतो, पण योग्य चाल आधी मुलाला शोधायला लावतो. धडे देणाऱ्यांनी केलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट, आणि मुलांना नेमकी तीच माहीत नसते.

शुल्क घेऊन चालणाऱ्या वर्गांची जाहिरात करताना एक दावा हटकून केला जातो : बुद्धिबळाने गणित सुधारते. हा दावा इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांतल्या सुमारे चार हजार मुलांवर तपासला गेला. काही शाळांत वर्गाच्या वेळेत तीस तास बुद्धिबळ शिकवले, उरलेल्यांत नाही. कोणत्या शाळेत शिकवायचे ते चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले. वर्षभराने घेतलेल्या गणिताच्या चाचणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २०१६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हा गणितासाठी म्हणून शाळेचे पैसे यात घालू नयेत. खेळ चांगला आहे, एवढे कारण त्याला पुरेसे आहे. आपण कबड्डीचे समर्थन इतिहासाच्या गुणांवरून करत नाही.

मग शाळेत करावे काय? आमच्या डोळ्यांसमोर आहे तो एक पट, एक फळा आणि शिक्षकाच्या खिशातला मोबाइल. मुलांनी आपले डाव वहीत लिहावेत. चाली टिपण्याची रीत तासाभरात येते. त्या डावांतून दहा स्थिती फळ्यावर काढाव्यात. पाचांत काहीतरी मिळण्याजोगे असावे, पाचांत नसावे. कुठे काय आहे ते शिक्षकाने संगणकाकडून आधी तपासून घ्यावे. मुलांना एवढेच सांगावे, की काही ठिकाणी काहीच नाही. ‘इथे काही नाही’ हे उत्तर मान्य, पण कारणासह. आणि ‘आहे’ म्हणणाऱ्याने समोरच्याची सर्वांत त्रासदायक चालही लिहायची. सुरुवातीला मुले बेचैन होतात. नसलेल्या मातेचा शोध घेण्यात वेळ घालवतात, मग एखादी मुलगी हळूच ‘नाही’ म्हणते आणि वाद सुरू होतो. वाद मराठीत होतो, हाही फायदाच. पडद्यावरचे समजावून सांगणे बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत असते. जिथे रेंज नाही तिथे शिक्षकाने स्थिती घरून तपासून आणल्या तरी चालते.

संगणकाचा निकाल आणि माणसाचे कारण यांतला फरक दाखवायला तीन मोहरे पुरतात. (राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती संगणकाने शेवटपर्यंत सोडवून ठेवल्या आहेत, म्हणजे निकालाबद्दल शंकेला जागा नाही.) पांढरा राजा ई५ मध्ये, त्याच्या मागे ई४ मध्ये पांढरे प्यादे, आणि समोर एक घर सोडून ई७ मध्ये काळा राजा. बाकी पट रिकामा. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. मोहरे तेच, घरे तीच. पडद्यावरची पट्टी पहिल्या वेळी पांढऱ्याचा विजय दाखवेल आणि दुसऱ्या वेळी शून्य. का, ते सांगणार नाही. मुलांच्या जोड्या लावून दोन्ही बाजूंनी खेळवावे. ज्याची खेळी असेल त्याच्याच राजाला बाजूला व्हावे लागते आणि वाट सोडावी लागते, हे त्यांना पाच-सहा डावांत दिसते. काळ्याच्या बाजूने खेळणाऱ्याला आणखी एक गोष्ट शोधावी लागते : प्यादे सहाव्या ओळीत आल्यावर राजाने तिरके न जाता सरळ मागे जायचे. मग शेवटी राजाला शह नाही आणि हलायलाही जागा नाही, अशी कुजी होऊन बरोबरी पदरात पडते.

हे जमल्यावर तिन्ही मोहरे एकेक घर पुढे सरकवावेत : पांढरा राजा ई६, प्यादे ई५, काळा राजा ई८. आता दोनपैकी एका वेळचा निकाल बदलतो. कोणत्या, आणि का? मोबाइल शिक्षकांच्या टेबलावर ठेवून वर्गाला विचारून पाहा.